बोटवाली भागीरथा

आर्वीपासून तीन कोसांवरच्या त्या गावात भागीरथेला तोंडावर 'काकी' म्हणत आणि पाठीमागे 'बोटवाली'. हे नाव तिला एकाहत्तर सालच्या कार्तिकात चिकटलं. गावची रीत अशी, की तुटता तारा दिसला की मान खाली घालायची, 'राम राम' म्हणायचं आणि गप्प बसायचं. तारा तुटला की कुठेतरी माणूस जातं. भागीरथा तेव्हा पोरसवदा होती, पदरात चार वर्षांची लेक. तिने मान खाली घातली नाही. बोट वर करून म्हणाली, "थो पाहा!" तिसऱ्या दिवशी तिचा नवरा जयवंता गेला. बिचारा पंधरा दिवसांपासून काविळीने पिवळाधम्मक झाला होता, पण ते सगळे विसरले. बोट मात्र कोणी विसरलं नाही.

दुसरी एखादी रडून गप्प बसली असती. ही बाई खमकी. रानडुकरांपासून ज्वारी राखायला ती स्वतः माळ्यावर जागलीला जाऊ लागली आणि तुटणारा प्रत्येक तारा मोजू लागली. एक तारा, एक चिंचोका. ज्याच्या उजेडात स्वतःची सावली जमिनीवर दिसेल असा दांडगा तारा आला, तर चिंचोका दगडावर घासून एका बाजूने पांढरा करायचा आणि मग तेलाच्या पिप्यात टाकायचा. पहिल्या वर्षी चिंचोके झाले हजारावर. गावात माणसं मेली नऊ.

तिने पंचांग सांगणाऱ्या बंडूजींना गाठलं. "बाकीचे कुठी मेले, बंडूजी?"

"दुसऱ्या गावात," बंडूजी म्हणाले.

"मंग माह्या नवऱ्याचाच तारा तेवढा आपल्या गावचा कसा?"

बंडूजींनी पंचांग गुंडाळलं. तेव्हापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य जमलं.

शहाऐंशी साली धूमकेतू आला आणि बंडूजींना पुन्हा जोर चढला. त्यांनी पारावर सांगितलं, की धूमकेतूच्या शेपटीतून बैलगाडीएवढा गोटा सुटला आहे आणि तो वैशाखातल्या पंचमीला आर्वीच्या अंगावर पडणार. एकोणऐंशीत स्कायलॅब पडणार म्हणून याच बंडूजींच्या सांगण्यावरून गावाने कोंबड्या कापून खाल्ल्या होत्या. स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडे गेलं आणि गाव वर्षभर अंड्यांना मुकलं. तरी लोक पुन्हा घाबरलेच, कारण माणसाला अक्कल एकदाच येऊन भागत नाही.

नेमक्या त्या पंचमीला भागीरथेच्या अन्नपूर्णेचं लग्न ठरलं होतं. पवनारहून नवरदेवाचे वडील, होणारे इवाई हरिदासजी, यांची चिठ्ठी आली: लग्न नको. दिवस वाईट, आणि वरून बोटवालीची पोर. भागीरथेला ती वाचून दाखवली. आपल्या बोटाचा डाग आता लेकीच्या कपाळी येणार, एवढंच तिला कळलं.

तिने पिपा डोक्यावर घेतला आणि एसटीत चढली. कंडक्टरने विचारलं, "काय हाय यात, बाई?"

"तारे," ती म्हणाली. त्याने पिप्याचंही तिकीट फाडलं.

पवनारला हरिदासजींच्या ओसरीवर तिने पिपा दाणकन ठेवला. "पंधरा वर्षांचे हायेत. यातले अकरा पांढरे, दांडग्यायचे. कधी एका महिन्यात दोन आले, कधी चार-चार वर्षं एक नाई. आपल्या शिवारात एकबी नाई पडला. पडणारच नाई असं मी नाई म्हणत, आभाळ काई माह्या बापाचं नाई. पण पंचमीलेच अन् आर्वीवरच पडते, असं सांगणारा खोटा हाय."

"पण इनबाई, पडलाच तर?" हरिदासजींनी विचारलं.

"घाला हात. डोळे मिटून एक चिंचोका काढा. पांढरा निघाला तर मी आल्यापावली वापस जातो."

हरिदासजींनी कोपरापर्यंत हात घातला, पार तळ ढवळला आणि मूठ उघडली. चिंचोका तपकिरी होता. त्यांच्या बायकोला, कौशल्याबाईंना, हसू आवरेना. "आता तरी लग्नाचं पाहा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

पंचमीला गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. बंडूजी आदल्या दिवशीच वर्ध्याला लेकीकडे निघून गेले होते. दिवेलागणीला पंगत मांडत असताना पूर्वेला एक तारा तुटला, साधाच, तपकिरी चिंचोक्याचा. वऱ्हाड्यांच्या माना खाली गेल्या. राम राम, राम राम. मुंडावळ्या बांधलेल्या अन्नपूर्णेनेही मान खाली घातली.

भागीरथेने ते पाहिलं. तिची एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. पंधरा वर्षं तिने तारे मोजले, पण तारा दिसला की उजव्या हाताची मूठ आवळून धरली. मोजणं निराळं आणि बोट दाखवणं निराळं. आता तिने मूठ सोडली, हात ताठ वर केला आणि भर मांडवात ओरडली, "थो पाहा, जावईबापू! पोरी, मान वर कर!"

कोणाच्या तरी हातातून पत्रावळी पडल्या. अन्नपूर्णेने मान वर केली.

पुढचे तीन दिवस भागीरथेला घास गिळवला नाही. चौथ्या दिवशी लेक-जावई मांडवपरतणीला यायचे होते, तर आर्वीच्या डेपोत ती सकाळपासून उभी होती. जावई एसटीतून उतरताच तिने आधी त्याचे डोळे पाहिले. पांढरेशुभ्र होते. घरी तो जेवायला बसला, तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथी मागितली, तेव्हा चुलीपुढे ती हमसून रडायला लागली.

"काऊन रडून राह्यली व, आई?" अन्नपूर्णेने विचारलं.

"तुह्या बापाले काविळीनं नेलं, पोरी," भागीरथा म्हणाली. "माह्या बोटानं नाई."