जागा धरली हाय

सोनकांबळे सरांनी आयुष्यात एकट्यापुरती जागा कधी धरली नाही. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून त्यांचा रुमाल एका सीटवर, पिशवी दुसरीवर आणि छत्री तिसरीवर पडलेली असायची. एकदा उदगीरच्या गाडीत त्यांनी चार जागा धरल्या आणि आम्ही होतो दोघंच. कंडक्टर तापला. सर शांतपणे म्हणाले, "येतंय की कुनीतरी. मानसं काय, येतच राहतेत." मग दारात उभे राहून गिऱ्हाईक शोधल्यासारखे ते बसणारी माणसं शोधायला लागले. मी खिडकीकडं तोंड करून बसलो.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास ते आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले. "जिल्हा नवा, साळा नवी, मी बी नवा," असं सांगायचे. मी पुष्कळ वर्षांनी गणिताला लागलो. पहिल्याच दिवशी उशिरा पोचलो, स्टाफरूम भरलेली, आणि खिडकीजवळच्या एका खुर्चीवर रुमाल. सरांनी तो उचलला. "बसा. जागा धरली हाय." मला वाटलं, काय हा चांगला माणूस! पुढची वीस वर्षं त्या चांगुलपणानं माझा जीव खाल्ला.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात तर कहरच झाला. टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून आमच्या दोघांच्या गल्लीत पहाटेपासून घागरींची रांग लागायची. सर आपल्या घागरीमागं दगड मांडायचे. "ह्यो बिराजदारचा, ह्यो शेखच्या अम्मीचा, ह्यो त्या बाळंतिनीचा." मागचे लोक शिव्या घालायचे. शिव्या ऐकायच्या मी, कारण दगड माझा आणि मी अजून अंथरुणात. "सर, माझा दगड ठेवू नका हो," मी हात जोडले. ते म्हणाले, "मग येळेवर उठत जावा."

त्याच उन्हाळ्यात परदेशातला एक जुना रॉक बँड हैदराबादच्या स्टेडियममध्ये येणार अशी बातमी आली. बँडचं नाव मी लिहीत नाही. मी ते उच्चारलं की सर "राहू द्या, बिराजदार" म्हणायचे. गाणारे सगळे सत्तरीचे. सरांच्या मुलीनं पुण्याहून तीन तिकिटं काढून दिली. सरांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "त्या कोकलण्याला मी येत न्हाई. बिराजदार सरांना न्या, त्यांना नाही म्हणता येत नाही." तिसरं तिकीट होतं मडावीचं.

मडावी कोण, ते मला बसमध्ये झहीराबादपर्यंत ऐकावं लागलं. सर लहानपणी किनवटला वसतिगृहात राहायला गेले. पहिल्या संध्याकाळी जेवायच्या पंगतीत पोरं एकमेकांना चिकटून बसली. "जागाच न्हाई म्हनले. जागा होती, बिराजदार. आमच्यासारख्याला नव्हती. मी ताटली घेऊन उभा. तर टोकाला एक गोंडाचं पोरगं आपला टॉवेल उचलून म्हनलं, इथं बस, जागा धरली हाय." तो मडावी. त्याच्या मामाचा ट्रान्झिस्टर होता. दोघं उशीखाली घालून परदेशी स्टेशनं लावायचे, आणि त्यात हा बँड वाजायचा. शब्द एक कळत नव्हता. शब्द कळावेत म्हणूनच सर इंग्रजी शिकले. पोरं असतानाच दोघांचं ठरलं होतं, हे लोक कधी आपल्याकडं आले तर सोबत ऐकायचं. पुढं मडावी वनखात्यात लागला, सर लातूरला आले, आणि भेटी लग्न-मयतापुरत्या उरल्या. "म्हातारे झाले ते, आमी बी झालो. आता चुकलं तर चुकलंच," सर म्हणाले.

स्टेडियमच्या दारात पहिला तमाशा. पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देत नव्हते, पिंपात टाका म्हणत होते. सर पिंपाकडं बघून हादरलेच. "भरलेल्या बाटल्या? टाकायच्या?" त्यांनी आपली बाटली उभ्या उभ्या पिऊन टाकली. मग माझी मला प्यायला लावली. मग मागच्या एका पोरीची बाटली पिंपात पडायच्या आत हातात घेऊन तीही संपवली. "बेटा, लातूरचा मानूस हाय मी. मला बघवत न्हाई." ती पोरगी हसत होती, मी जमिनीत जायला जागा शोधत होतो. त्यात सरांच्या अंगावर एप्रिलच्या उकाड्यात सोलापुरी चादर.

"चाचा, इत्ती गर्मी में चादर कैकू?" रखवालदारानं विचारलं.

"बुखार है मियाँ," सर म्हणाले आणि आत गेले.

मैदानातली तिकिटं उभ्यानं ऐकायची होती. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी मधोमध चादर अंथरली, बूट काढले आणि मांडी घातली. भोवती हजारो तरणी पोरं, काळे शर्ट, गोंदलेले दंड, आणि मध्ये जयंतीच्या गाण्यांना आल्यासारखे आम्ही दोघं. चादरीचा एक कोपरा रिकामा. कुणाचा पाय पडला की सर म्हणायचे, "उदर से जाओ बाबा, आदमी आरा." मडावीचा शेवटचा फोन आदिलाबादच्या बसमधून आला होता, त्यानंतर लागेना.

बँड सुरू झाला. छातीत धडधड व्हायला लागली, ती त्या ढोलांची की माझीच, समजेना. एवढ्यात सर उठले. दोन बाटल्या पाणी प्यायलेला माणूस! "बिराजदार, मी आलोच. जागा जाऊ देऊ नका." आणि मी, गणिताचा शिक्षक, त्या गर्दीत हात पसरून एका रिकाम्या चादरीची राखण करत उभा. एक दाढीवाला म्हणाला, "अंकल, कौन आरा?" मी खेकसलो, "मडावी आरा!" त्यानं घाबरून आपल्या मित्रांना मागं सरकवलं.

सर परत आले, पण त्यांचं निम्मं लक्ष फाटकाकडं. ते त्यांचं लाडकं संथ गाणं लागलं. सगळ्या मैदानानं मोबाईलचे दिवे वर धरले. सर उभे राहिले, पण गाण्याकडं पाठ करून, गर्दीत मान वर काढून बघत. मला राग अनावर झाला. "अहो सर, ज्यासाठी आलात ते चाललंय की समोर!" ते म्हणाले, "दोघांचं ठरलं होतं, बिराजदार. एकट्यानं कसं ऐकू?"

मडावी आला तेव्हा कार्यक्रम संपला होता. मैदान रिकामं होत होतं, कामगार तारा गुंडाळत होते. बाहेर पडणाऱ्या गर्दीतून उलट्या दिशेनं एक वाळका, पांढऱ्या डोक्याचा माणूस पिशवी सांभाळत आला. बस वाटेत बंद पडली होती. "संपलं का रे?" त्यानं विचारलं. मला वाटलं, आता सर रडतील नाही तर भांडतील. सरांनी चादरीचा कोपरा हातानं झटकला. "बस. जागा धरली हाय." दोघं बसले. सरांनी ते संथ गाणं आपल्या भसाड्या आवाजात म्हणायला सुरुवात केली, मडावीनं शब्द चुकवत साथ दिली. रखवालदार उठवायला आला आणि जरा वेळ तसाच उभा राहिला. मी बूट घालून लांब जाऊन बसलो. इतकं बेसूर ऐकवत नव्हतं, आणि डोळेही पुसायचे होते.

निवृत्तीनंतर सर फार जगले नाहीत. हृदयविकारानं गेले. शाळेच्या सभागृहात शोकसभा ठेवली होती आणि मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचलो. सभागृह गच्च भरलेलं, भिंतीलासुद्धा माणसं उभी. पहिल्या रांगेत मडावी बसले होते आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल होता. लोक त्या खुर्चीकडं बघून मागं फिरत होते. सरांच्या नावानं ती रिकामी ठेवली असणार, असं मलाही वाटलं. मी मडावींना नमस्कार केला आणि भिंतीकडं निघालो.

मडावींनी माझी बाही ओढली आणि रुमाल उचलला.

"कुठं चाललाव? बसा की. दवाखान्यात मला म्हनला होता, बिराजदार काय येळेवर येत न्हाई, त्याची जागा धर."