फोनमधले घरमालक

आपल्या शब्दाला जागणारी माणसं पुष्कळ असतात. पण स्वतःचाच शब्द उभं राहून, टोपी सारखी करून ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे भरे नावाच्या गावातले घरमालक. मी लातूरहून हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला आलो आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. खाली ते आणि काकू, मागे भाताची खाचरं. जत्रेतल्या कुस्त्या पुकारून पुकारून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की त्यांनी अंगणातून चहा मागितला की शेजारणीही आधण ठेवायच्या.

शेतकऱ्यांना रोज सकाळी फोनवरून हवामान आणि पिकाचा सल्ला देणारी एक सेवा आमच्या भागात सुरू झाली होती. पण तिच्यातला शहरी बाईंचा आवाज ऐकला की लोक फोन ठेवून देत. म्हणून सेवेची पोरं गावचा आवाज शोधत मालकांकडे आली. एका बंद खोलीत बसवून त्यांच्याकडून वाट्टेल ती वाक्यं वाचून घेतली, आणि मग संगणक त्यांच्या आवाजात हवं ते बोलू लागला. पहिला फोन आला तेव्हा मालक युरियाची गोणी खांद्यावर घेऊन निघाले होते. "राम राम. दुपारनंतर लई पाऊस हाय. आज खत टाकू नका," फोन म्हणाला. मालकांनी गोणी खाली ठेवली.

"का वो, काय झालं?" काकूंनी विचारलं.

"मीच नगं म्हनतोय," मालक म्हणाले.

तेव्हापासून फोन वाजला की ते उठून उभे राहत, मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत आणि पटलं नाही तर भांडत. "आरं, पण माजा गुडगा दुकत न्हाई, मग पाऊस कुटनं येतोय?" फोन आपलंच म्हणणं पुढे रेटायचा, आणि निदान स्वतःनं तरी आपलं ऐकावं, या विचारानं मालक दुपारपर्यंत फुगून बसायचे. एकदा मात्र फोन बोलता बोलता हसला. हुबेहूब त्यांचं, नाकातलं हसू. मालकांचा चेहरा उतरला. "ह्ये मी तितं वाचलं नव्हतं," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

पुढे एका धुक्याच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर बांधावर होतो. हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. कुठल्याशा खाचरातून आवाज आला, "राम राम." मग ओढ्यापलीकडून, "राम राम." मग पाठीमागून, मग डावीकडून. ज्याच्या त्याच्या फोनमधून माझ्या शेजारचा माणूस बोलत होता, आणि माझ्या शेजारचा माणूस तोंड घट्ट मिटून उभा होता. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "मी हितंच हाय न्हवं?"

काही वर्षांनी आमच्या भागाला नगरपंचायत मिळाली. रस्ते, पाणी, कचरा यांचे निर्णय गावचीच निवडून आलेली माणसं घेऊ लागली. त्यांनीही आवाज मागितला, आणि मालकांनी तो खुशीनं दिला. "आता आपलंच राज्य हाय. तितं काय न्हाई म्हनायचं?" घंटागाडी त्यांच्या आवाजात कचरा मागत गल्लोगल्ली फिरू लागली. मालक तिच्यात केर टाकत आणि वर तिला नमस्कारही करत.

मग एके सकाळी फोन म्हणाला, "राम राम. नगरपंचायतीच्या आराखड्यातला नवा रस्ता तुमच्या जमिनीतनं जातोय. हरकत आसंल तर सुनावनीला या."

फोन बंद झाला तरी मालक उभेच होते.

ओढ्याकाठच्या सगळ्यांना तो फोन गेला होता, आणि हरकत मात्र एकानंही घेतली नव्हती. मालक सगळ्यांना भेटायला निघाले. मीही सोबत गेलो. शेजारच्या म्हातारीनं कारण सांगितलं. "तुमी सांगितलं म्हंजी इचार करूनच सांगितलं आसंल."

"ते मी न्हवं. मी ह्यो हाय."

म्हातारी बघत राहिली. वयानं मालकांचा आवाज आता बसका झाला होता. फोनमधला अजून तसाच खणखणीत होता. "तुमचा आवाज तसा न्हाई," ती म्हणाली आणि आत गेली.

दारोदार हेच. लोकांना फोनमधले मालक खरे वाटत आणि दारात उभे असलेले त्यांची नक्कल. आधी मला हसू येत होतं. तिसऱ्या-चौथ्या दारानंतर येईना. शेवटी मालकांनी समजावणं सोडलं. "माजं ऐकू नगा," ते म्हणू लागले. "बांधावर जाऊन आपल्या भाताकडं बगा, मग काय ते ठरवा."

सुनावणीला सगळे आले. नगराध्यक्ष गावचीच सून, मालकांना मामंजी म्हणणारी. मालक उठले. रस्ता खाचरांमधून नको, ओढ्याच्या अगदी कडेनं न्या, असं म्हणाले, आणि मग म्हणाले, "पाऊस सांगा माज्या आवाजात. जमीन मागायला सोता या."

बाईंनी आराखडा जवळ ओढला. "येऊ, मामंजी," त्या म्हणाल्या.

रस्ता सरकला. मालकांच्या शेताचा एक कोपरा गेलाच, पण खाचरं वाचली. त्या दिवसापासून ते फार कमी बोलू लागले, जणू आवाज जपून वापरायचा होता.

मी आता शहरात वरच्या मजल्यावर राहतो. वीतभर जमीन नसताना त्या सेवेत माझा नंबर तसाच ठेवलाय. अंधार फिटता फिटता तो खणखणीत आवाज मला आज फवारणी करू नका म्हणतो, आणि मी करत नाही. रविवारी मी मालकांना फोन लावतो. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येतो.

"काका, काहीतरी बोला की," मी म्हणतो.

"आता आनी काय बोलू?" बसका आवाज येतो. "सकाळी बोललोच की तुमच्यासंगं."