झुंबरकाकींचा किल्ल्यातला मुक्काम

आमच्या वडगाव रासाईतून परदेशी जाऊन आलेली माणसं आता पुष्कळ झाली. कुणी दुबईला पोराकडं, कुणी सिंगापूरला लेकीच्या बाळंतपणाला. पण किल्ल्यात दोन दिवस मुक्काम करून आलेली बाई अख्ख्या पंचक्रोशीत एकच, आमच्या शेजारच्या झुंबरकाकी. ही बातमी गावभर मी केली हे मी नाकबूल करत नाही. माझी पिठाची गिरणी आहे. माणूस दळण घेऊन येतो, नंबर लागेपर्यंत बसतो, बसला की बोलतो, आणि गिरणी चालू झाली की तेच ओरडून बोलतो. त्यात माझा काय दोष?

काकी सहासष्ट वर्षांच्या. ठेंगण्या, नऊवारीतल्या, आणि तोंडानं अशा फटकळ की त्यांच्या अंगणातून जाताना कुत्रंसुद्धा शेपूट आवरून जातं. माहेर कवठे येमाईचं. वडील म्हाळूबाबा मेंढरं राखायचे, त्यामुळं लहानपण या रानातून त्या रानात गेलं. लग्नानंतर मात्र पंचेचाळीस वर्षं एकाच घरात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. एकुलता एक सत्यजीत, आमचा सत्या, आधी रांजणगावच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात होता, तिथून आयर्लंडला गेला. बायको अनुपमा तिथंच नोकरीला, लेक गौतमी नऊ वर्षांची.

यंदा सत्यानं आईला तीन महिन्यांसाठी बोलावलं. काकींनी गावभर जाहीर केलं, "नव्वद दिसांनी माघारी. सोन्याचं घर दिलं तरी न्हाई राहायची मी तिकडं."

आणि दुसऱ्या आठवड्यात म्हैस कासुर्डीच्या पाहुण्यांना विकली. कोंबड्या माझ्या बायकोला, सखूबाईला देऊन टाकल्या. वर्षाचं लोणचं चार घरांत वाटलं.

मी म्हटलं, "काकी, तीन महिन्यांसाठी म्हैस विकत्यात व्हय?"

"तू धारा काढनार हायेस का?"

"काढीन की."

"लाथ बसली तर गावाचं दळण बंद पडंल. ऱ्हाऊ दे."

विषय हसण्यावारी गेला. पण मला काय समजायचं ते समजलं. ही बाई एका वाक्याची वाट बघत चालली होती. सत्यानं म्हणायचं, "आई, आता हितंच ऱ्हा." बस. पुढं ती हो म्हणाली असती की नाही, ते देव जाणे. पण ते वाक्य तिला लेकाच्या तोंडून, न मागता, हवं होतं.

अडीच महिने गेले. व्हिडिओ कॉलवर काकी स्वेटरात गुंडाळलेल्या दिसायच्या. "बरं हाय," म्हणायच्या. दोघं नवराबायको सकाळी बाहेर, नात शाळेत, काकी घरात. एकदा म्हणाल्या, "संपत, हितं गल्लीत मानूसच दिसत न्हाई रं. कुनाला बोलायचं म्हनलं तर आधी फोन करून इचारावं लागतं, येऊ का म्हनून." मी म्हटलं, "बरंच की, तुमच्या तोंडाला इसावा." त्यावर शिवी यायला हवी होती. आली नाही. तिथंच मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग शेवटच्या आठवड्यात गौतमीनं फोटो पाठवला. मागं दगडी बुरुज, त्यावर हिरवी वेल चढलेली, आणि पुढं नऊवारीवर कोट घालून काकी. सत्यानं दोन दिवसांसाठी एका जुन्या किल्ल्यात नेलं होतं. किल्ल्याचं आता हॉटेल झालंय, आणि जुन्या सरदाराच्या खोल्या पाहुण्यांना राहायला देतात. मी तो फोटो आल्यागेल्याला दाखवला. सरूबाई म्हणाली, "किल्ल्यात? आता तरी पोरगं आईला ठेवून घेनार म्हनायचं." सरूबाई म्हणजे आमच्या आळीची दुसरी बातमीदार. माझ्याशी स्पर्धा असते.

ज्या दिवशी काकी विमानात बसल्या, त्या दिवशी दुपारी सत्याचा मला फोन आला.

"संपतकाका, आई निघाली. सकाळी पुण्यावरून गाडी तिला सोडेल. जरा लक्ष ठेवा."

"ठेवतो की. इचारलंस का तिला, ऱ्हाती का म्हनून?"

"काय विचारू काका? आईवडिलांना कायमचं ठेवून घ्यायला इथले नियम आडवे येतात. तेच सांगायला तिला किल्ल्यात नेलं होतं. म्हटलं निवांत दोन दिवस मिळतील, नीट समजावून सांगू. दोन दिवस शब्दच जुळवत बसलो."

मी खोडीलच माणूस. गप्प बसायचं तिथं विचारलं, "आन् नियम नसते तर रं?"

पलीकडून काही ऐकू येईना. मला वाटलं कट झाला. दोनदा हॅलो केलं. फोन चालू होता. खूप वेळानं म्हणाला, "ठेवतो काका."

काकी आल्या त्याच्या चौथ्या दिवशी ज्वारीचं दळण घेऊन गिरणीवर आल्या. बाया टपूनच होत्या. सरूबाईनं तर पसाभर गव्हाचं दळण आणलं होतं, म्हणजे बघा.

"सांगा की काकी किल्ल्याचं," मी सुरुवात करून दिली. "कडेलोटाची जागा दावली का न्हाई?"

"तुला न्यायला पायजे व्हतं, मंग दावली आसती."

बाया हसल्या आणि काकी रंगल्या. पलंग केवढा, तर चढायला तीन पायऱ्यांचा लाकडी जिना. वर छत, चारी बाजूंनी पडदे. "लगीन लागल्यागत वाटलं त्यात निजताना. अंतरपाट धरलाय आन् पलीकडं कुनीच न्हाई." भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात दोन माणसं मांडी घालून बसतील. किल्ली पितळेची, वीतभर. खाली हिरवंगार माळरान, त्यावर पाठीला निळा रंग लावलेली मेंढरं. "बघून जीव थंड झाला. पर राखनारा कुठं दिसंना. मेंढरं बी एकलीच."

सत्या, अनुपमा आणि नात खालच्या नव्या इमारतीत होते. जुन्या भागातली ती खास खोली सत्यानं आईसाठी घेतली होती. तिला मान म्हणून.

"एवढ्या खोलीत एकट्या?" कुणीतरी विचारलं.

"एकटी कशाची? दार उघडं टाकलं मी. दिवसाढवळ्या दार लावायला घरात मयत झालंय व्हय?"

आता आमच्याकडं हे असंच आहे. उजाडल्यावर दार लावलेलं दिसलं की शेजारी आधी कडी वाजवतात, मग एकमेकांकडं बघतात. काकींनी किल्ल्यातही सकाळी उठून अंथरूण घडी केलं, झाडू मिळेना म्हणून टॉवेलानं फरशी पुसली, दार सताड उघडलं आणि दाराकडं तोंड करून खुर्चीत बसल्या. झालं असं की त्या किल्ल्याचा जुना भाग दिवसा बाहेरच्या लोकांनाही दाखवतात. एक बाई माहिती सांगत पुढं, मागं पंधरा-वीस माणसं. राहत्या खोल्या दाखवत नाहीत, पण हे दार उघडं. लोकांना वाटलं, हीसुद्धा बघायची खोली. आले की आत!

"आन् तुम्ही मधी बसलेल्या," मी म्हटलं. "जुन्या सरदाराची रानी वाटला आसाल."

"रानी कशाची, भुताटकी वाटली आसंल. पर मी म्हनलं, या, बसा. शेंगदान्याचं लाडू व्हतं, ते पुढं केलं."

"खाल्लं का कुनी?"

"एका म्हाताऱ्यानं खाऊन दुसरा मागितला. एक काठीवाली म्हातारी पलंगाच्या पायरीवर बसली ती अर्धा तास हलंना. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. तिचा बी लेक लांब हाय."

"भाषा येत न्हाई, मंग कळलं कसं?" सरूबाई.

"फोटो दावला. मंग आसा हात लांब केला," काकींनी हात दाराबाहेर ताणला, "आन् तसाच ठिवला. त्यात काय कळायचं राहिलं?"

हॉटेलातला साहेब आला, अनुपमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो भला माणूस. हसला, एक लाडू खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीत दोन खुर्च्या जास्तीच्या पाठवून दिल्या.

बाया पोट धरून हसत होत्या. तेवढ्यात सरूबाईनं, पसाभर गहू ज्यासाठी आणले होते ते काढलं. "सगळं झालं काकी. पर लेकानं ठेवून न्हाई घेतलं व्हय?"

हसू जागच्या जागी थांबलं. काकी डब्याचं झाकण बसवायला लागल्या. ते आधीच बसलेलं होतं.

"ऱ्हा म्हनाला की. लै म्हनाला. मीच न्हाई म्हनले. आपल्याला न्हाई करमत."

सरूबाईनं माझ्याकडं बघितलं. खरी बातमी कुणाकडं असणार, हे तिला ठाऊक. आता माझी ख्याती अशी की कुणाचं खोटं उघडं पाडायची संधी मी सख्ख्या सासऱ्याच्या बाबतीतही सोडलेली नाही. आणि ही तर आयती चालून आलेली.

मी म्हटलं, "आगं सरूबाई, मला फोन आलता सत्याचा. रडत व्हता. म्हनला काका, आई ऐकंना, तुम्ही तरी सांगा. म्हनलं बाबा, तुझ्या आईला सांगनारा अजून जल्माला यायचाय."

"आसं व्हय," सरूबाई जरा हिरमुसून म्हणाली, आणि पीठ घेऊन गेली. मागोमाग बाकीच्या गेल्या. काकींचं दळण केव्हाच झालं होतं, तरी त्या बसून होत्या. मी मोटर बंद केली. गिरणी बंद झाली की कानात थोडा वेळ नुसती शांतता वाजत राहते.

"संपत," काकी म्हणाल्या, "त्या खोलीत भित्तीवर पाटी व्हती. गौतमीनं वाचून दावली. ती खोली सरदाराच्या आईची. लेकाचं लगीन झालं तवा मोठी खोली सुनंला दिली आन् आईला त्या कोपऱ्यातल्या खोलीत धाडलं. बावीस वरीस ऱ्हायली त्यात."

"म्हंजी पडवी."

"मी बी त्येच म्हनले. सरदाराची आई झाली म्हनून काय, शेवटी पडवीच. अनुपमा हसली." काकी थांबल्या. "मंग मी इचारलं, पर लेकाच्याच घरात व्हती ना? गौतमी म्हनली व्हय आजी. मी म्हनलं, मंग बरं व्हतं तिचं."

"सत्या काय म्हनला?"

"खिडकीतनं मेंढरं बघत बसला."

मी पिठाचा हात झटकला.

"मी दार का उघडं ठिवलं व्हतं, त्या बायांना काय कळायचं," काकी म्हणाल्या. "सत्या चार येळा गेला त्या दारावरनं. पयल्यांदा म्हनला, आई चहा पायजे का. दुसऱ्यांदा, थंडी वाजती का. तिसऱ्यांदा नुसता हसला. चौथ्यांदा मान खाली घालून गेला, मला बूटच दिसले."

"मंग तुम्हीच हाक मारायची की!"

"मी हाक मारली आसती तर माझं मागनं झालं आसतं रं."

"नियम हायत तिकडचे, काकी. आईबापाला ठेवून घेता येत न्हाई सहजी."

"तुला कुनी सांगितलं?"

मी अडकलो. "फोन आलता ना."

"म्हंजी आलताच फोन."

"आलता."

काकींनी पदर सारखा केला. "मला बी ठाव हाय नियम. अनुपमानं पयल्या म्हयन्यात सांगितलेलं. मी ऱ्हानार कुठं व्हते? पर नियम हाय म्हनून का व्हयना, एकदा म्हनायला काय झालतं? आई, ऱ्हा म्हनलो आसतो पर नियम हाय. आसं."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

"रडत व्हता म्हनालास मघाशी," काकी म्हणाल्या. माझ्याकडं न बघता. "ते तरी खरं का?"

आयुष्यभर मी लोकांना पाहिजे तसं मीठमसाला लावून दिलं. या बाईला हो म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण तोंडातून निघेना.

"रडत व्हता का ते न्हाई सांगता यायचं," मी म्हटलं. "मी इचारलं, नियम नसते तर? तवा त्याला बोलताच येईना. फोन चालू व्हता. मी हॅलो हॅलो करतोय. मंग म्हनला, ठेवतो काका."

"किती येळ?"

"काय किती येळ?"

"किती येळ बोलता येईना?"

"आसंल मिनिटभर. जास्त बी आसंल."

काकींनी मनात कसला तरी हिशेब घातला. मग चुंबळ डोक्यावर ठेवली.

"मिनिटभर म्हंजी लै झालं," म्हणाल्या. "तो ल्हानपनापास्नं कमीच बोलतो. डब्याला हात लाव."

मी डबा उचलून त्यांच्या डोक्यावर दिला. गरम पिठाचा डबा, एका माणसाला महिनाभर पुरेल एवढा. पायरी उतरताना मागं न वळता म्हणाल्या, "आन् सरूबाईला रडत व्हता म्हनून सांगितलंस, आता ते बदलू नगं. मी बी तेच सांगनार हाय."