काकांचे नऊ तास

गोडाऊनवाल्या काकांना ऑफिसात एकवीस वर्षांत कुणी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. काका अडखळत बोलायचे. "ब-ब" झालं की समोरचा लगेच "बॉक्स ना? पोचले, पोचले!" असं म्हणून मोकळा. माया हो, दुसरं काय! पण त्या मायेपायी माणूस 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर येऊन ठेपला होता.

ऑफिसचं इंटरनेट सांभाळायच्या कॉम्प्युटरवाल्या बाई. त्यांची एक रीत होती. कामाच्या वेळात कुणी खासगी काय पाहिलं, त्याचा कागद त्या दर शुक्रवारी फळ्यावर लावायच्या, पण नावं गाळून. क्रिकेट अकरा तास, साड्या सहा तास. ज्याचं त्याला बरोबर कळायचं आणि पुढच्या आठवड्यात आकडा मुकाट उतरायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बाईंचं म्हणणं.

नव्या साहेबांना ती मूठ उघडून हवी होती. कागदावर 'शिकवणीचे व्हिडिओ, नऊ तास' वाचून ते भडकलेच. चारच्या मीटिंगमध्ये नाव सांगा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका, असं त्यांनी बाईंना बजावलं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. नाव तर त्यांना चांगलं माहीत होतं. ते व्हिडिओही त्यांनी पाहिले होते: श्वास कसा घ्यावा, अडलेला शब्द कसा सोडवावा. काका गोडाऊनमध्ये खोक्यांच्या आडोशाला बसून ते गिरवायचे. आता हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगायचं?

मीटिंगमध्ये साहेबांनी नाव विचारलं. बाई म्हणाल्या, "मी नाव सांगणार नाही." साहेब म्हणाले, मग टेबल आवरा. बाई उठल्या.

तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. काका उभे राहिले होते.

"न-नऊ तास... माझे," ते म्हणाले. "मी ब-ब..."

सवयीने पाच-सहा तोंडं उघडली आणि तशीच राहिली. पुढचा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. काकांनी सावकाश श्वास घेतला.

"बोलायला शिकतोय."

व्हिडिओंचं माहीत असूनही या माणसाची हिंमत आपण ओळखलीच नाही, असं बाईंना वाटलं. साहेबही वरमले. ठीक आहे काका, कळलं, बसा आता, म्हणाले.

"थांबा," काका म्हणाले. "माझं अजून... संपलं नाही."

आणि ते बाईंविषयी बोलू लागले. त्या कुणाची अब्रू चव्हाट्यावर आणत नाहीत, तरी कामं वेळेवर होतात, हे एकेका शब्दाशी झुंजत, घाम पुसत त्यांनी सांगितलं. दोन मिनिटांच्या बोलण्याला पंचवीस मिनिटं लागली. कुणी एक शब्द पुरवला नाही. बाईंना काढू नका, हे शेवटचं वाक्य पुरं होईपर्यंत साहेब उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी मान डोलावली आणि बाईंना बसायला सांगितलं.