तीन खाचा

आमच्या सासऱ्यांचे कान लूमने खाल्ले. लिंबायतच्या कारखान्यात उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यावर दुसरं काय होणार? बोललेलं अर्धंमुर्धं ऐकू यायचं. तरी गल्लीतल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी भजनाला पेटी तेच वाजवायचे आणि अभंगांना चालीही तेच लावायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. माणूस देवासारखा, असंही म्हणत. लोकांना म्हणायला काय जातं?

पेटी मी माहेरी अमळनेरला शिकले होते. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा आबांना विचारलं, मंदिरात एकदा वाजवू का? आबा म्हणाले, "देऊळमा बाया टाळ वाजाडतस. पेटी नही." मग मी टाळ वाजवला. बारा वर्षं.

त्या बारा वर्षांत भाकरी थापता थापता मला एका अभंगाची चाल सुचली. इतर चाली अंतऱ्याला वर चढतात. माझी खाली उतरायची आणि मग सावकाश ठिकाणावर यायची. आबांनी घरच्या पेटीवर ती माझ्याकडून पाचदा वाजवून घेतली, कान पेटीला लावून, डोळे माझ्या बोटांवर. पुढच्या गुरुवारी त्यांनी ती मंदिरात वाजवली. लोक डोलले. मंडळाच्या प्रमुखांनी विचारलं, नवी का? आबा म्हणाले, "पहाटे सुचनी."

घरी आल्यावर मी म्हटलं, "आबा, ती चाल मनी व्हती."

त्यांनी आधी चपला काढल्या, पाय धुतले, मग म्हणाले, "घरमा तुनं-मनं करतस का?"

आयत्या बिळावर नागोबा. ती चाल कामरेजला गेली, चलथाणला गेली, आणि जिथे गेली तिथे आबांची चाल म्हणून गेली. मला पैसा नको होता, शाल-नारळ नको होतं. फक्त एकदा माईकवरून कोणीतरी सांगावं की ही चाल हिची आहे, एवढंच हवं होतं. त्यासाठी मी रोज मनातल्या मनात भांडायचे आणि रोज त्यांना गरम भाकरी वाढायचे.

पुढे त्यांचे कान आणखी गेले. पेटी सुरात लावणं त्यांना जमेना, म्हणून गुरुवारी पेटी मी मांडू लागले. आमच्या पेटीच्या पट्ट्यांची अख्खी फळी उचलून खाचेखाचेने सरकवता येते. बोटं त्याच पट्टीवर ठेवली तरी सूर वर जातो किंवा खाली येतो. तो सूर बरोबर ठेवणं माझं काम. आबा बसायचे, न बघता काळी एक दाबायचे आणि सुरू करायचे. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

एकदा मोबाईलवर इंग्लंडातल्या एका मोठ्या चर्चमधला ऑर्गनवाला पाहिला. म्हातारा हातापायांनी वाजवत होता आणि शेजारी उभी राहून एक बाई त्याच्यासाठी खुंट्या ओढत होती. एका खुंटीत आवाज बदलत होता. मला वाटलं, हिने आज मुद्दाम चुकीची खुंटी ओढली, तर लोक कोणाला हसतील?

पुढच्या गुरुवारी मी फळी तीन खाचा उजवीकडे सरकवली. आबांचा हात रोजच्या जागीच पडावा म्हणून पेटी तेवढीच डावीकडे ठेवली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

आमच्या मुख्य गायकांचा गळा वरच्या सुराला चिरकला. ते थांबले, खोकले. आबांना काहीच कळलं नाही. वर त्यांनीच डोळे वटारले, "गळा बसना का तुमना?" मागे पोरं हसली. त्यानंतर आणखी दोन गुरुवार मी तेच केलं. तिसऱ्या वेळी कोणीतरी व्हिडिओ काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली एकाने लिहिलं, काका को अब आराम दो.

तेवढ्यावर माझं भागलं नाही. शेजारणींना मी सांगत सुटले की आबांच्या डोक्यात आता काही राहत नाही, जेवले तरी विसरतात. आबांना सगळं आठवत होतं. महिन्याभरात प्रमुख घरी आले, आबांना खूप गोड बोलले आणि पेटी मला दिली. दुसरं वाजवणारं होतं कोण? आबांनी पेटी पुसून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "आते तूच वाजाड." मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

दत्तजयंतीला मंडप भरला होता. प्रमुखांनी माईकवरून सांगितलं, "आता आबांची प्रसिद्ध चाल, सूनबाईंच्या हातून."

पहिल्या रांगेत बसलेले आबा खुर्चीला धरून उठले, माईकपाशी आले आणि मोठ्याने बोलले, "हाई चाल मनी नही. मनी सूननी शे. मी कधी सांगं नही."

मग प्रमुखांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा आबा, बसा. सगळं तुमचंच आहे." बायकांच्या रांगेतून कोणीतरी हळहळलं, "बिचाऱ्यांना स्वतःची चालसुद्धा आठवत नाही."

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, असं मी एकदा म्हटलं असतं तर पुरे होतं. पण मग त्या तीन गुरुवारी काय झालं होतं, हेही कोणीतरी विचारलं असतं. मी मान खाली घातली आणि भाता ओढला.

चाल छान झाली. लोकांनी आबांकडे वळून टाळ्या वाजवल्या.