पितृपक्षातली दोन फुकट तिकिटं

विमान कंपन्यांच्या मैलांचा विषय कुणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं आजही फिरतं. मध्यंतरी एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेला तरुण मला समजावू लागला की अमुक कार्डावर मैल लवकर साठतात आणि तमुक कार्डावर तिकीट लवकर सुटतं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण मी पानातली जिलेबी अर्धी टाकून उठलो आणि हात धुवायला गेलो तो परत आलोच नाही. बायको नंतर म्हणाली, माणसांशी असं वागतात का. तिला कारण माहीत होतं, म्हणून तिने फार ताणलं नाही.

नव्वदच्या दशकात मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. आम्ही विजेची पॅनल्स बनवायचो आणि ती बसवल्यावर बिघडली की दुरुस्तीला मला धाडायचे. आज दिल्ली, पुढच्या आठवड्यात कलकत्ता, मग मद्रास. ऐकायला बरं वाटतं. पण नाशिकच्या माणसाने विमान पकडायचं म्हणजे पहाटे द्वारका चौकात जाऊन टॅक्सीत चौथा माणूस येईपर्यंत ताटकळायचं, मग कसाऱ्याच्या घाटात ट्रकच्या मागे रांगायचं आणि मुंबईत पोचेपर्यंत विमान सुटलं की राहिलं या विचाराने सारखं घड्याळ बघत बसायचं. गंमत म्हणजे घरापासून अर्ध्या तासावर ओझरला चांगली लांबलचक धावपट्टी होती. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं घरघरत जायची. त्यात तुम्हाआम्हाला बसता येईल असं एकही नव्हतं.

ती विमानं बनवणाऱ्यांत माझे वडील होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. येवल्याकडची शेती भावाला सोपवून ते तरुणपणी ओझरच्या विमान कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत पंखांच्या विभागात राहिले. पत्र्यावर पत्रा ठेवून रिव्हेट ठोकायचे. त्या आवाजाने त्यांचे कान अधू झाले होते, त्यामुळे ते घरातही ओरडून बोलायचे आणि पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. दरवर्षी सव्वीस जानेवारीला ते आंघोळ करून टीव्हीसमोर बसत. राजपथावरून हत्ती-घोडे, चित्ररथ काय वाट्टेल ते जाऊ दे, त्यांचं लक्ष शेवटी येणाऱ्या विमानांकडे. ती आली की उठून उभे राहत आणि म्हणत, "ही आमची!" विमानं क्षणात दिसेनाशी व्हायची आणि आप्पा पुन्हा बसायचे.

एवढं करून हा माणूस आयुष्यात एकदाही विमानात बसलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणायचे, "लढाऊ विमानात एकच माणूस बसतो. आन् तो काय रिव्हेट ठोकणारा नसतो."

मी त्यांना म्हटलं, मी तिकीट काढतो, तुम्ही आणि आई दिल्लीला जा, सव्वीस जानेवारी प्रत्यक्ष बघा. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. "तुझ्या पैशाने नाय. पोरांच्या शाळेला ठेव ते. फुकट मिळालं तर सांग, मग येतो."

फुकट! त्या एका शब्दामुळे माझ्या आयुष्याची दहा वर्षं नासली. कारण त्याच सुमारास विमान कंपन्यांनी ती कार्डं वाटायला सुरुवात केली होती. उडा, मैल साठवा आणि साठलेल्या मैलांवर फुकट तिकीट घ्या. नोकरीपायी मी तर सारखा उडतच होतो. मला वाटलं, देवच पावला. आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तुमच्या कंपनीला माहितीये का हे?" मी साहेबांना विचारून आलो, साहेब हसून म्हणाले घे की, तेव्हा कुठे आप्पा राजी झाले.

दोन कंपन्या होत्या. एकीच्या विमानाची शेपटी निळी, दुसरीची केशरी. त्यांची नावं घ्यायची माझी इच्छा नाही. निळी अंतरावर मैल द्यायची, जेवढं लांब उडाल तेवढे जास्त. केशरी भाड्यावर द्यायची. निळीचे मैल तीन वर्षांत बाद. केशरीचे बाद होत नसत, पण तिच्या फुकट जागा विमानात जेमतेम दोन-चार. निळीला दिल्लीच्या तिकिटाला मैल जास्त लागत, केशरीला कमी, पण केशरीशी नाशिकमधून बोलायचं म्हटलं तर फोन मुंबईला, तोही लागला तर. कुठली चांगली? मी रविवारच्या रविवार पुरवणीच्या कोऱ्या कडेवर हिशेब करायचो. कधी निळी पुढे जायची, कधी केशरी. शेवटी मी दोन्हीकडे मैल साठवले, म्हणजे कुठेच पुरेसे साठेनात. हे आजचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की एकीला धरून राहा. पण आपल्याकडे किराण्याचीही दोन दुकानं बांधलेली असतात, एकाने उधार नाकारलं तर दुसरा असावा म्हणून. मी विमानातही तेच केलं.

मैल वाढावेत म्हणून मी काय नाही केलं. कलकत्त्याला सरळ विमान असताना दिल्लीवरून वळसा घालून गेलो. बायको म्हणायची, "भाजी आणायला सांगितली तर कोपऱ्यावर जायला जिवावर येतं, आणि इकडे देशाला प्रदक्षिणा!" आप्पांना त्यात मजा वाटे. दौऱ्यावरून आलो की चहा पिता पिता ओरडून विचारायचे, "कुठवर आलं रे आमचं विमान?" मी म्हणायचो, "कसाऱ्याला अडकलंय." हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं.

शेवटी निळीचे दोन तिकिटांपुरते मैल झाले. मी ऑफिसातून फोन लावला आणि सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवसाची दिल्ली मागितली. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सॉरी सर, त्या तारखा रिवॉर्डसाठी बंद आहेत." बरं, मग दिवाळी? बंद. नाताळ? बंद. मे महिना? पूर्ण बंद. माणूस ज्या दिवशी घराबाहेर पडतो ते सगळे दिवस यांच्याकडे बंद! मी चिडून म्हणालो, बाई, तुम्हीच सांगा उघडं काय आहे. तिने जरा वेळ शोधलं आणि म्हणाली, "सर, सप्टेंबरच्या शेवटी भरपूर आहे." परेड नाही तर नाही, निदान विमान तरी होईल. मी मागचापुढचा विचार न करता दोन तिकिटं पक्की केली आणि येताना पावशेर पेढे घेतले.

आईने पेढा हातात घेतला, तारीख ऐकली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. पेढा तसाच ताटलीत ठेवला. म्हणाली, "अरे, पित्तरपाट हाय तेव्हा."

पितृपक्ष. आणि विमानाचा दिवस नेमका सप्तमीचा, आजोबांच्या तिथीचा. आप्पांनी बापाची तिथी एकदाही चुकवलेली नव्हती. कारखान्यात अर्जंट काम असलं तरी त्या दिवशी रजा. ते म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा बसायचं, आन् ते पित्तरपाटात? बाप जेवायला दारात येणार, आन् मी दिल्लीला? नाय जमणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "आप्पा, आजोबा वरच असतात ना? मग उलट तुम्ही त्यांच्या जवळच चाललाय." आईने असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं. आप्पा मात्र हसले, आणि हसूनसुद्धा नाहीच म्हणाले. मुलाने उन्हातान्हात वणवण करून आणलेली गोष्ट बापाने अशी शांतपणे परत करावी, याचा मला फार राग आला. आठवडाभर मी त्यांच्याशी नीट बोललो नाही.

तिकिटं रद्द करायला फोन केला तेव्हा कळलं की निम्मे मैल कापले जाणार. तारीख बदला म्हटलं तर फोनवरच्या बाईने ज्या तारखा वाचल्या त्या सगळ्या त्याच पंधरवड्यातल्या. मी विचारलं, "सगळं तेव्हाच कसं काय मोकळं?" ती म्हणाली, "सर, तेव्हा लोड कमी असतो." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अख्ख्या देशात त्या दिवसांत कुणी नवीन काही करत नाही, फिरायला जात नाही, म्हणून विमानं रिकामी. कॅलेंडर काही फक्त आमच्याच भिंतीवर नव्हतं. त्यांच्या ऑफिसातही ते टांगलेलं होतं, आणि आमच्या पितरांच्या नावाने सुटलेल्या जागा ते आम्हालाच बक्षीस म्हणून देत होते.

पुन्हा मैल साठवायला दोन वर्षं गेली. मधल्या काळात आप्पांनीच एक तोड काढली. एका संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले होते, मला हाक मारून म्हणाले, "पित्तरपाटात एका ठिकाणी जाता येतं. गयेला. बापाचं पिंडदान होईल आन् विमानही होईल." मला एकदम उचलून घ्यावंसं वाटलं त्यांना. रामकुंडापाशी राहणारे आम्ही. बाहेरगावचे लोक अस्थी घेऊन आमच्याकडे येतात. पण गयेचं महत्त्व वेगळं, हे आईनेही मानलं. गयेला जायचं तर विमान पाटण्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. आता मी शहाणा झालो होतो, आधीच पितृपक्षाच्या तारखा सांगितल्या आणि जरा ऐटीतच विचारलं. ती म्हणाली, "दिल्ली आहे सर, बंगळूर आहे, गोवा आहे. पाटणा मात्र त्या दोन आठवड्यांत बंद आहे. तेव्हा खूप रश असतो."

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून बसलो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी विचारू लागला, घरी सगळं ठीक ना. केशरीला विचारलं, तिथेही तेच. एरवी वर्षभर कधीही गयेला गेलं तरी चालतं असं मी गुरुजींना मुद्दाम विचारून आलो, पण आप्पांचं एकच, जायचं तर पित्तरपाटात. दोन्हीकडून मला चेपत होते. कंपनीला सांगून उपयोग नव्हता आणि आप्पांना सांगूनही नव्हता.

मग निळीचं पत्र आलं. आपल्या सदस्यांना अधिक चांगली सेवा देण्यासाठी, असं सुरू झालं की समजावं काहीतरी काढून घेणार आहेत. फुकट तिकिटाला आता दीडपट मैल. केशरी कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली आणि माझ्या तिथल्या सगळ्या मैलांना नव्या मालकाने ओळखच दाखवली नाही. मी तक्रारी केल्या, फोनवर ओरडलो. फोनवरच्या बाया बदलत गेल्या, सॉरी सर तेच राहिलं.

आप्पा एका हिवाळ्यात गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं. मला रडू नंतर आलं, आधी राग आला. त्यांचा, निळीचा, केशरीचा, माझा, सगळ्यांचाच. येणारा सव्वीस जानेवारी जेमतेम काही आठवड्यांवर होता. त्या दिवशी आईने टीव्ही लावला, विमानं आली, आणि आमच्या घरात कुणी उभं राहिलं नाही.

त्यानंतर स्वस्त विमानांची लाट आली. ज्याच्या त्याच्या तोंडी विमान. ज्या तिकिटासाठी मी देशाला वळसे घातले ते लोक आगगाडीच्या भावात काढू लागले. निळीची विमानं रिकामी जाऊ लागली आणि एक दिवस तिने स्वतःहून मला फोन केला. आपले मैल बाद होणार आहेत सर, वापरून टाका. मी उपरोधानेच विचारलं, पितृपक्षात पाटणा आहे का? ती म्हणाली, "आहे ना सर. किती सीट?"

आप्पांचं वर्षश्राद्ध झालेलं होतं. मी म्हणालो, दोन.

आई आणि मी द्वारकेवरून टॅक्सीने निघालो. कसाऱ्यात ट्रकच्या मागे अडकलो तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं, पण तो विनोद दोघांनीही केला नाही. पिशवीत काळे तीळ, दर्भ आणि आप्पांचा एक धुतलेला पंचा होता. विमानात तिला खिडकी दिली. मैलांवरच्या जागा नेहमी पंखावरच मिळतात, तशीच ती होती. विमान पळायला लागलं तशी तिने डोळे मिटून माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. वर गेल्यावरही सोडेना.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडून बाहेर बघितलं. उन्हात पंख चकाकत होता आणि त्यावर रिव्हेटच्या ओळी स्पष्ट दिसत होत्या. ती त्या ओळींकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ह्यातलं त्यांनी काय केलेलं?"

ते विमान परदेशी होतं. ओझरला त्यातला एक स्क्रूही बनलेला नव्हता. आप्पा असते तर ओरडून तसं सांगितलं असतं आणि आजूबाजूच्या चार रांगांना ऐकू गेलं असतं.

मी म्हणालो, "पंख."

"मग काय भ्यायचं," आई म्हणाली, आणि तिने माझा हात सोडला.