जोगळेकर भुईमुगात राहतात

ज्या वस्तीत घरांना नंबर नसतात, तिथं किस्से आपोआप साठतात. पत्ता सांगायचा तर खूण सांगावी लागते, आणि खूण म्हटली की तिच्यामागं कुणीतरी माणूस आलाच! नगरबाहेर, मनमाड रोडला आम्ही काही जणांनी घरं बांधली, तेव्हा गावातले लोक विचारायचे, "बदली झाली का?" टांगेवाला तर नाक्यावरच घोडा थांबवायचा. "फुडं गाव न्हाई, साहेब!"

*

आमच्या बसस्टॉपचं नाव 'टाकी'. टाकी मात्र नव्हती. 'पाण्याच्या टाकीची नियोजित जागा' असा बोर्ड होता, तेवढाच. तिसगावचे एक म्हातारे गृहस्थ लेकीकडे आले, बसमधून उतरले आणि चहूकडे बघून म्हणाले, "टाकी कुठंय?"

कंडक्टर म्हणाला, "ती यायचीय अजून. तुमी बसा तवर!"

*

त्या टाकीनं माझ्या मेहुण्याला मात्र गोत्यात आणलं. एकाहत्तरचं युद्ध चालू होतं. नगरला लष्कराचे रणगाडे असतात हे पुण्याच्या अरविंदला कुठून माहीत? रस्ता चुकून तो भिंगारकडे गेला आणि लष्कराच्या गेटवर त्यानं विचारलं, "टँक किधर है?"

मला निरोप आला. धावत गेलो. अरविंद बाकावर घामाघूम, शेजारी बंदूकवाला जवान. हवालदार गंभीरपणे म्हणाला, "साहब, ये बोलता है, टँक के बगल में इसकी बहन रहती है."

"रहती है," मी म्हणालो.

"कौन सा टँक?"

"जो अभी बना नहीं."

 हवालदारानं मलाही बाकावर बसवलं.

*

कोपऱ्यावरचे नानासाहेब देशमुख सोवळ्याचे कडक. पलीकडे मिशनच्या शाळेतल्या साळवेबाई राहायच्या. नाना आपला पत्ता सांगताना म्हणायचे, "ख्रिस्ती लोकांचं घर लागलं, की तुम्ही चुकलात. मागं फिरा."

बहात्तरच्या दुष्काळात नानांच्या विहिरीनं तळ गाठला. पाणी राहिलं ते फक्त साळवेबाईंच्या विहिरीला. दोन दिवस नानांनी दम काढला. तिसऱ्या दिवशी बादली घेऊन फाटकाशी उभे राहिले.

बाई बाहेर आल्या. "नाना, दोर आणलाय ना? आमचा जुना झालाय."

नानांनी नाही म्हणून मान हलवली. घरी गेले, नवा दोर घेऊन आले आणि तो तिथल्या रहाटालाच कायमचा बांधून टाकला.

पुढं नानांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. पत्ता छापला होता, 'साळवेबाईंच्या विहिरीसमोर.'

*

आमची वस्ती ज्यांच्या शेतावर उभी राहिली, ते गाडेमामा. जमीन विकली, पण रोज सकाळी फेरी मारायला यायचे. आमचे रस्ते त्यांना मान्यच नव्हते. जुन्या बांधानं चालायचे, मध्ये कुणाचं कंपाउंड आलं तर ओलांडायचे! कुणी बँकेतल्या जोगळेकरांचं घर विचारलं, तर सांगायचे, "जोगळेकर व्हय? ते भुईमुगात ऱ्हात्यात."

"आणि मी?" मी एकदा विचारलं.

"तुमी कांद्यात."

*

हे जोगळेकर मोजकं बोलणारे. घरात कुणी चप्पल घालून आलेलं खपायचं नाही. एका पोळ्याला गाडेमामा त्यांच्या दारात उभे. हातात झाकलेलं ताट.

"साहेब, लई दिस बोलीन बोलीन म्हनत हुतो. आमचा हौश्या बैल ह्या वावरात पुरलाय. तुमचा हॉल बरोब्बर त्याच्यावर आलाय."

आता भांडण होणार म्हणून मी आमच्या मधल्या कुंपणाशी आलो. जोगळेकर एवढंच म्हणाले, "नेमका कुठं?"

"त्या सोप्याखाली."

दोघांनी मिळून सोफा सरकवला. मामांनी फरशीवर पुरणपोळी ठेवली, हात जोडले आणि गेले. पुढच्या पोळ्यालाही तसंच.

तिसऱ्या वर्षी मामा आजारी पडले. राहुरीला लेकाकडे नेलं होतं त्यांना. पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी माझी कडी वाजली. दारात जोगळेकर. धुतलेलं धोतर नेसलेले, हातात रिकामं ताट.

"आमची मंडळी माहेरी गेलीय," ते म्हणाले. "तुमच्याकडे पुरणपोळी झाली असेल, तर एक द्या. सोफा सरकवून ठेवलाय."